मेटाफेजमध्ये ५३बीपी१ दिसत नाही तेव्हा

"मॅडम, ही अँटीबॉडी गेली वाटतं," डिचोलीहून येणारी आमची विद्यार्थिनी मायक्रोस्कोपवरून मान न उचलताच म्हणाली. यू२ओएस या मानवी हाडाच्या कर्करोगाच्या पेशींना झिओसिन हे औषध देऊन डीएनएचे दोन्ही धागे तोडले होते. मेटाफेजमधल्या, म्हणजे पेशीविभाजनात (मायटोसिसमध्ये) गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेल्या पेशींत तुटलेली जागा दाखवणाऱ्या गॅमा-एच२एएक्सचे लाल ठिपके भरपूर, पण त्यांवर दुरुस्तीला येणाऱ्या ५३बीपी१ या प्रथिनाचा हिरवा ठिपका एकही नाही. नवी कुपी मागवली तर गोव्यात पोचायला कितीतरी दिवस जातात. त्यामुळे आधी स्लाइडच नीट पाहिली.

"अगं, शेजारची पेशी बघ." त्याच फील्डमधल्या इंटरफेजच्या, म्हणजे विभाजन सुरू नसलेल्या पेशीच्या, केंद्रकात हिरवे ठिपके ठसठशीत होते, लालवर नेमके बसलेले. अँटीबॉडी उत्तम होती. गुणसूत्रं इतकी घट्ट आवळल्यावर अँटीबॉडी आत शिरते का, ही तिची पुढची शंका मात्र रास्त. त्यासाठी गॅमा-एच२एएक्सवर बसणारं एमडीसी१ हे प्रथिन रंगवलं. ते मेटाफेजमध्येही लाल ठिपक्यांवर दिसलं, म्हणजे वाट मोकळी होती.

साखळी तुटते ती एमडीसी१च्या पुढे. एरवी एमडीसी१वर आरएनएफ८ हे एन्झाइम येतं, मग आरएनएफ१६८ हे दुसरं एन्झाइम हिस्टोन एच२एच्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्यांतल्या एका प्रथिनाच्या) १५व्या लायसिनवर युबिक्विटिन हे छोटं प्रथिन चढवतं आणि ती खूण वाचून ५३बीपी१ बसतं. मायटोसिसमध्ये सीडीके१ हे विभाजन घडवणारं एन्झाइम आरएनएफ८च्या १९८व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लावतं, त्यामुळे आरएनएफ८ एमडीसी१ला धरूच शकत नाही. शिवाय ५३बीपी१च्या थ्रिओनिन १६०९ आणि सेरिन १६१८वरही फॉस्फेट असतं, म्हणून ते न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएवर) टिकत नाही. एका दाराला दोन कुलपं! टोरांटोच्या डॅनियल ड्युरोशर यांच्या गटाने २०१४ मध्ये ही दोन्ही काढून दाखवली. ५३बीपी१ मायटोसिसमध्येच तुटलेल्या जागी आलं, पण टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, एकमेकांना चिकटू लागले. दुरुस्ती बंद ठेवण्यात पेशीचा शहाणपणा आहे तो असा.

मला जास्त खटकली ती कंट्रोल स्लाइड. झिओसिन न दिलेल्या मेटाफेजमध्येही लाल ठिपके होते. रात्रभर नोकोडाझोल या मायटोसिस रोखणाऱ्या औषधात अडकलेल्या पेशींत टेलोमिअरचं संरक्षण ढिलं पडतं आणि गॅमा-एच२एएक्स तिथेच जमतं. म्हणून पद्धत बदलली. ९ मायक्रोमोलर आरओ-३३०६ या सीडीके१ रोखणाऱ्या औषधाने १६ ते १८ तास पेशी जी२मध्ये (मायटोसिसच्या आधीच्या टप्प्यात) धरायच्या, ३७ अंशांच्या माध्यमाने तीनदा धुवायच्या, आणि ३० ते ४५ मिनिटांनी फ्लास्कला टिचक्या मारून गोल झालेल्या पेशी सोडवायच्या. माध्यम गार असलं की गुणसूत्रं ओढणारे मायक्रोट्यूब्यूल विरघळतात आणि धुण्यात कसूर झाली की पेशी जी२मध्येच अडून राहतात. सुटलेल्या पेशी पॉली-एल-लायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर उतरवायच्या, नाहीतर धुताना निम्म्या वाहून जातात.

आरओ-३३०६ थेट मायटोसिसमधल्या पेशींवर टाकून "सीडीके१ थांबवलं, ५३बीपी१ परतलं" असा निष्कर्ष काढायचा मोह अनेकांना होतो. तो फसवा आहे. या औषधाने पेशी मायटोसिसमधून बाहेरच पडते. डीएपीआय या डीएनए दाखवणाऱ्या रंगात गुणसूत्रं सैल झालेली दिसली की ती पेशी मोजणीतून वगळायची.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात ओळखण्याच्या चाचणीसाठी) पेशी फोडण्याच्या लायसिस बफरमध्ये १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट ही फॉस्फेट टिकवणारी रसायनं आयत्या वेळी मिसळायची, नळ्या बर्फावरून हलवायच्या नाहीत. एका नळीत ही दोन्ही न घालता लॅम्डा फॉस्फेटेज हे फॉस्फेट काढणारं एन्झाइम टाकायचं आणि ती नळी मात्र ३० अंशांवर ठेवायची. सेरिन १६१८चा फॉस्फो-बँड तिथे नाहीसा झाला आणि बाकीच्या नळ्यांत राहिला, तरच तो ब्लॉट वहीत चिकटवायचा.