विश्वाची ‘कड’ नेमकी किती लांब?

‘कड’ म्हटलं की डोळ्यांपुढे कुंपण येतं, आणि घोटाळा तिथेच होतो. समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिलं की साधारण पावणेपाच किलोमीटरवर पाणी संपल्यासारखं दिसतं. तिथल्या होडीतल्या माणसाला मात्र पुढेही पाणीच दिसतं. विश्वाचंही असंच क्षितिज आहे, फक्त तिथे आड येते ती प्रकाशाला मिळालेली मुदत.

विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणून कड १३.८ अब्ज प्रकाशवर्षांवर, हा हिशेब हमखास चुकतो. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जातं आणि कापून झालेली वाटही लांबत जाते. आपल्याला दिसणारा सर्वांत जुना प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघाला. त्याआधी मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आपटून तो जागीच अडकत होता. तापमान ३००० केल्विनवर उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि वाट मोकळी झाली.

तो प्रकाश सोडणारा वायू तेव्हा इथून जेमतेम ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होता. त्यानंतर अवकाश सुमारे १०९० पट ताणलं गेलं. गुणाकार करा: ४६ अब्ज प्रकाशवर्षं. अवकाशाबरोबर तो प्रकाशही ताणला जाऊन थंडावला, म्हणून आता ३००० ला त्याच १०९० नं भागा: पावणेतीन केल्विन. १९६४ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात कबुतरांची घाण साफ करूनही जी खरखर उरली, ती हीच ऊब. एकाच आकड्यानं दोन्ही हिशेब जुळावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मग पलीकडे काय? सगळ्यात सरळ उत्तर: आपल्या आकाशगंगेसारख्याच दीर्घिका. तिथून कोणी आज इकडे पाहिलं, तर त्याला आपली आकाशगंगा दिसणार नाही; ती ज्यातून घडली त्या तप्त वायूची जुनी झळाळी दिसेल. त्याच्या लेखी कडेवर आपण आहोत.

हे सगळं अनंत आहे का? त्या सर्वांत जुन्या प्रकाशातले उष्ण-थंड ठिपके आकाशात सुमारे एक अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसतात. अवकाश गोलासारखं वाकलेलं असतं तर ते याहून मोठे दिसले असते. तसे ते दिसत नाहीत, म्हणजे अवकाश जवळजवळ सपाट आहे. मात्र सपाट म्हणजे अनंत, असं लगेच म्हणता येत नाही. सपाट अवकाशही स्वतःला जोडलेलं असू शकतं, म्हणजे सरळ जात राहिलं की निघालेल्या जागी परत पोहोचावं असं. ते पुरेसं लहान असतं, तर ठिपक्यांची तीच वर्तुळं दोन वेगळ्या दिशांना दिसली असती. शोधली, पण सापडली नाहीत.

आणखी एक सीमा फारशी कोणी सांगत नाही. सुमारे १६ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडून आज निघालेला प्रकाश इथे कधीच पोहोचणार नाही, कारण विस्ताराचा वेग वाढतो आहे. दृश्य विश्वाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग त्या रेषेपलीकडे आहे. तिथल्या दीर्घिकांचं जुनं रूप आपल्याला दिसतं, आजचं कधीच दिसणार नाही.