चेर्केस चीज: घाई केली की बिघडतं

१८६४ मध्ये रशियन साम्राज्याने कॉकेशसमधून हुसकावलेले चेर्केस लोक ऑटोमन मुलखात विखुरले. इस्रायलमधल्या गालिली भागातल्या कफर कामा गावात त्यांचे वंशज आजही आपली भाषा बोलतात आणि हे चीज करतात.

दहा लिटर दूध ९५ अंशांपर्यंत तापवा. आधीच्या खेपेची आंबलेली निवळी (दूध फाटल्यावर उरलेलं पाणी), साधारण एक लिटर, कडेकडेने हळूहळू सोडा. एकदम ओतली किंवा जोरात ढवळलं की कण बारीक पडतात, गोळा बांधत नाही. चूक बहुधा इथेच होते. पाचेक मिनिटांनी झाऱ्याने काढून विणलेल्या टोपलीत भरा. वजन ठेवू नका, आपोआप बसतं. थोड्या वेळाने उलटा, दोन्हीकडे वेणीची सुंदर नक्षी उमटते. मीठ वरून चोळा. पनीरसारखंच तळताना वितळत नाही. टिकवायचं तर धुरावर सुकवा.