सरू उशिरा बोलतो

अलिबागच्या नाहीतर गुहागरच्या किनाऱ्यावर आपण ज्याला सुरू म्हणतो, तो सरू नव्हे. फारसीतला ‘सर्व’ हा उंच, सडपातळ, बारमाही हिरवा वृक्ष. बगिच्यांबरोबर तो शब्द हिंदुस्थानात आला, ‘सरू’ झाला आणि आपल्याकडे पोचेपर्यंत समुद्राकाठच्या कॅझुरिनाला जाऊन चिकटला. कॅझुरिना सूचिपर्णी नाहीच. त्याला रीतसर फुलं येतात, आणि सुया वाटतात त्या त्याच्या हिरव्या काड्या असतात. खरा सरू म्हणजे भूमध्य प्रदेशातला आणि इराणचा सायप्रस, कुप्रेसस सेम्परव्हिरेन्स. टस्कनीच्या टेकड्यांवर आणि मोगल चारबागेत ओळीनं उभा असतो तो हा. इराणमधल्या अबरकुह गावचा सरू अंदाजे 4000 वर्षांचा मानतात. बागेत दहावं वर्ष गाठताना आपल्याकडचे सरू का धापा टाकतात, हे पाहण्यासारखं आहे.

अंगकाठी सडपातळ असण्याचे दोन मार्ग आहेत. सोसायटीच्या कुंपणालगतचा उभा अशोक आपल्या फांद्या खाली सोडतो, खांदे पाडून उभ्या राहणाऱ्या माणसासारखा. सरू उलट साऱ्या फांद्या वर उचलून खोडाशी धरतो. हा आकार कात्रीनं येत नाही, तो जातिवंत असावा लागतो. रानातला सरू बऱ्याचदा पसरट असतो, आणि अगदी सरळसोट झाडाच्या बियांतूनही पसरट पोरं निघतात. म्हणून फाट्यापासून किंवा कलमापासून केलेलं रोप घ्यावं. नर्सरीत ‘सायप्रस’ या नावाखाली काहीही मिळतं. डहाळ्या पंख्यासारख्या चपट्या आणि उभ्या असतील तर ती मोरपंखी. पोपटी-पिवळा रंग आणि चुरगळल्यावर लिंबासारखा वास असेल तर तो गोल्डन सायप्रस. तो वेगळ्याच जातीचा, आणि अंगानं भरतो. सरूची डहाळी बारीक दोरीसारखी गोलसर, रंग गडद. लोंबत्या फांद्यांचं रोप ‘पुढे होईल सरळ’ या भरवशावर घेऊ नये. होत नाही.

आता पावसाचं. फ्लोरेन्सला पुण्यापेक्षा वर्षाकाठी पाऊस थोडा जास्तच पडतो, त्यामुळे सरूला पाऊस सोसत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न पावसाच्या वेळेचा आहे. तिकडचा उन्हाळा कोरडा आणि ओल थंडीच्या बाजूची; आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊब आणि ओल एकदम. मूळकूज करणाऱ्या फायटोफ्थोरासारख्या जंतूंना याहून चांगला पाहुणचार कुठला? त्यात देशावरची काळी माती. पाणी धरून ठेवते, फुगते, आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते.

म्हणून लावण्याआधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भरावा. ते जिरू द्यावं, पुन्हा भरावा. दुसरं पाणी रात्रभरात जिरलं नाही तर ती जागा सरूची नव्हे. इथे बहुतेक जण खड्डा मोठा करतात, त्यात वाळू आणि शेणखत घालून माती भुसभुशीत करतात, आणि फसतात. चहूकडे घट्ट काळी माती आणि मध्ये भुसभुशीत खड्डा म्हणजे हौदच. आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन थांबतं. त्यापेक्षा जमिनीवर फूट-दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करावा: दोन भाग लाल माती, एक भाग बारीक मुरूम, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत. पायथ्याची माती आधी कुदळीनं हलवून घ्यावी, म्हणजे दोन थरांत सांधा राहत नाही.

लावणी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पिशवी फाडून हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, हातात घेतली की बाहेरून गोल फिरलेली मुळं दिसतात. तीनचार ठिकाणी ती उभी चिरावीत, बोटाच्या पेराइतकी खोल. जीवावर येतं, पण तशीच ठेवली तर ती मुळं जमिनीत गेल्यावरही पिशवीतच राहिल्यासारखी फिरत राहतात, आणि पाचसहा वर्षांनी एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. हुंडीची वरची कड मातीच्या पातळीला किंवा बोटभर वर असावी. बुंधा मातीत पुरू नये. विजेच्या तारांखाली तर लावूच नये. शेंडा छाटला की चारपाच शेंडे फुटतात आणि सडपातळ झाडाची केरसुणी होते.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात चारपाच दिवसांनी, कमरेएवढ्या रोपाला दहा-पंधरा लिटर. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. ओल लागली तर परत फिरावं. दुसऱ्या वर्षी दहा-पंधरा दिवसांनी, पुढे फक्त एप्रिल-मेमध्ये अधूनमधून. लॉनच्या मधोमध सरू शोभून दिसतो, पण लॉनला रोज लागणारं पाणी त्याचा जीव घेतं.

आणि गोम अशी की तो सांगत नाही. तुळस दुपारी मान टाकते, पाणी मिळालं की संध्याकाळी उभी राहते. तिच्याशी संवाद सोपा. सरूची पानं म्हणजे दोन ते पाच मिलिमीटरचे खवले, डहाळीला घट्ट चिकटलेले, वर मेणाचा थर. ओल उडून जायला वाव कमी, त्यामुळे मूळ मेलं तरी झाड कित्येक आठवडे हिरवं दिसतं. जुलैत कुजलेल्या मुळांची बातमी ऑक्टोबरात फुटते. तेव्हा मालकाला वाटतं, ऑक्टोबर हीट! आणि तो पाणी वाढवतो.

आतली जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, तो आजार नाही. टोकाकडून रंग उडू लागला तर काळजी. मे महिन्यात झाड धुळकट, राखाडी दिसलं तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर ते कोळी, रस शोषणारी बारीक कीड. सकाळच्या वेळी तीनचार दिवस पाण्याचा जोरदार फवारा आतपर्यंत मारावा. कोळ्यांवर मारतात ते गंधक भर उन्हाळ्यात नको, पानं भाजतात.

छाटणीचा नियम कडक आहे. आतल्या उघड्या लाकडावर पुन्हा पालवी येत नाही, म्हणून कात्री फक्त हिरव्या भागात. भिंतीच्या सावलीनं एक बाजू टकली झाली की ती तशीच राहते. भिंतीपासून निदान चार फूट अंतर ठेवावं. कुंडीत असेल तर दर पंधरवड्याला पाव वळसा द्यावा. युरियाचा मोह टाळावा. त्यानं फांद्या लांब, मऊ होतात, पावसानं जड होऊन बाहेर कलतात. गोल, टणक फळांचं वजनही हेच करतं. हाताला लागतील ती खुडावीत. कललेली फांदी जुन्या सुती कापडाच्या पट्टीनं खोडाशी सैल बांधावी, आणि पट्टी दरवर्षी बदलावी. तार नको. ती सालीत रुतते, जखमेतून डिंक गळतो, आणि अशाच जखमांतून सायप्रसचा कॅंकर शिरतो. 1920च्या दशकात कॅलिफोर्नियात दिसलेल्या या बुरशीनं पुढे इटलीतले असंख्य सरू वाळवले.

झाड तपकिरी पडलं तर लगेच उपटू नये. नखानं साल खरवडावी. आत हिरवट ओलसर असेल तर पाणी थांबवून महिनाभर वाट पाहावी. कोरडं, तपकिरी असेल तर काढावं आणि हुंडी नळाखाली धुऊन बघावी. मुळं अजून पिशवीच्या आकारात गुंडाळलेली असतील तर चूक लावणीच्या दिवसाची. काळी असतील आणि चिमटीत धरताच साल निसटून आतला दोरा तेवढा हातात येत असेल, तर पाण्याची. त्या खड्ड्यात पुन्हा सरू लावू नये. उभा अशोक चालेल.