इंजिन वर उचलले जाईना तेव्हा
परवा स्विच दाबला, तरी बोटीच्या मागच्या बाजूला बसवलेले आउटबोर्ड इंजिन तसूभरही वर येईना. रिलेचा (मोटरला वीज जोडून देणाऱ्या भागाचा) ‘टक्’ असा आवाज मात्र स्पष्ट येत होता. म्हणजे स्विच शाबूत होता. स्विच दाबून धरत, तेलाच्या दाबाने इंजिन उचलणाऱ्या पंपाच्या मोटरच्या तारांना मल्टिमीटर लावला, तेव्हा 12 व्होल्टऐवजी जेमतेम 7 व्होल्ट दिसले, आणि माग काढताना बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट गंज सापडला. तो घासून काढताच पंप घुमू लागला.

पंप फिरूनही इंजिन हलत नसेल, तर आधी दाब मोकळा करण्याचा स्क्रू सैल राहिला आहे का, ते पाहावे. या पंपातले तेल मात्र इंजिन पूर्ण वर उचलून, आधाराच्या खटक्यावर टेकवूनच तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या वजनाखाली आपले हात असतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे.