आमची वाटचाल: कॅसेट जेवढी, वेळ तेवढाच

आम्ही जुन्या कॅसेटवरचा आवाज कॉम्प्युटरच्या फाइलीत उतरवून देतो, आणि आमच्याकडे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटं लागतात. हेड (फितीवरचा आवाज उचलणारा भाग) पुसणं, अझिमथ, म्हणजे फितीशी असलेला हेडचा कोन, लावणं, नंतर फाइल ऐकून तिला नाव देणं, हा वेळ वेगळा. फोनवर हे सांगितलं की पलीकडचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "पण ते दुसरे तर पाव वेळात देतात ना?" देतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे.

व्यवसाय घरातल्या मागच्या खोलीत सुरू झाला आणि अजून तिथेच आहे. माझा पहिला भागीदार टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. आवाजाच्या फाइली, कॉम्प्युटर वगैरे त्याच्या लेखी दुय्यम. त्याचा नियम एकच होता: डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, उघडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाची कॅसेट आत जाणार नाही. जुना बेल्ट नुसता सैल होत नाही, त्याचा काळा चिकट लगदा होऊन पुलीवर बसतो आणि तो खरवडून काढताना बोटं दोन दिवस काळी राहतात. पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून धरणारं चाक, त्याचं रबर कडक आणि चकचकीत झालं की फीत कॅपस्टनला, म्हणजे ती ओढणाऱ्या फिरत्या दांडीला, गुंडाळली गेलीच म्हणून समजा. हे त्याने मला शिकवलं, आणि बाकी काहीही उधार-उसनं चालेल पण पाच स्क्रूची रिकामी कॅसेट कधी फेकू नकोस, हेही. ज्या कॅसेटची खोकी स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेली असतात, किंवा ज्यांच्या आतलं फेल्टचं पॅड गळून पडलेलं असतं, त्यांची फीत काढून अशा रिकाम्या खोक्यात बसवावी लागते. आमच्याकडे आज एक अख्खा खण त्यांनी भरलेला आहे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर आणि चुंबकत्व नसलेला बारीक स्क्रूड्रायव्हर, एवढंच आमचं भांडवल. यातला स्क्रूड्रायव्हर मी कुणाला हात लावू देत नाही.

मधली काही वर्षं चांगली गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग ते आले. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. एका संस्थेकडे भाषणांच्या कॅसेटचा मोठा साठा होता. आम्ही नमुना दिला, त्यांनीही दिला. त्यांचं यंत्र कॅसेट दुप्पट वेगाने वाजवायचं, दोन्ही बाजू एकदम, आणि उलटी आलेली बाजू कॉम्प्युटरवर सुलटी करायचं. वर 'खरखरमुक्त आवाज' अशी जाहिरात. निवड करणाऱ्यांनी दोन्ही नमुने लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकले. लॅपटॉपच्या स्पीकरवर! काम त्यांना गेलं.

संस्थेचं काम गेलं याचं एवढं नाही, पण त्यानंतर प्रत्येक जण 'खरखर काढून द्या' म्हणू लागला. आम्ही नाही म्हणायचो आणि गिऱ्हाईक उठून जायचं. भागीदार दुसऱ्या कामाला लागला, त्याला दोष देत नाही, त्याचंही घर होतं. एका डेकची मोटर गेली आणि तसा भाग मिळेना. खोली घरचीच म्हणून भाडं नव्हतं. ते असतं तर हा मजकूर लिहायला मी उरलो नसतो.

आता जे तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही ते सांगतो. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. डेकमधलं इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या सुरांचा तोल) त्याच वेगासाठी बसवलेलं असतं, साध्या फेरिक फितीला १२० मायक्रोसेकंद, क्रोमला ७०. दुप्पट वेगाने वाजवली की १० किलोहर्ट्झचा आवाज हेडला २० चा म्हणून उचलावा लागतो. तेवढी सोय खास बनवलेल्या यंत्रात असू शकते, पण ती जपावी लागते, आणि इथे तर अझिमथसुद्धा कुणी बघत नव्हतं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली असते, त्या रेकॉर्डरचं हेड जितकं तिरकं तितकं आपलं तिरकं करावं लागतं. फरक केसाएवढा असला तरी वरचे सूर बसतात. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू, डावा-उजवा आवाज मोनोमध्ये एकत्र करून कान लावायचा, आणि 'स'कार सगळ्यात उजळ वाजेल तिथे थांबायचं. डॉल्बीची (खरखर कमी करणाऱ्या पद्धतीने भरलेली) कॅसेट असेल तर हे आधी, डॉल्बीचं बटण नंतर. कारण वरचे सूर आधीच पडले असतील तर डॉल्बी ते आणखी दाबते.

आम्हाला सावरलं ते एका सरांनी. निवृत्त शिक्षक, जीवशास्त्राचे. पहाटे पक्ष्यांचे आवाज भरायचा त्यांचा नाद, हातात धरायच्या रेकॉर्डरवर, वर्षानुवर्षं. त्यांनी आधी काही कॅसेट त्या दुसऱ्यांना दिल्या होत्या. आमच्याकडे आले ते हेडफोन गळ्यात घालूनच. म्हणाले, "अहो, माझे रातकिडे कुठे गेले?"

रातकिड्यांना खरखर समजून काढून टाकलं होतं. खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी 'शांत' तुकडा दाखवतात, त्यात जे सतत वाजतंय ते सगळीकडून वजा होतं. रातकिडा ४-५ किलोहर्ट्झवर एकसारखा वाजतो, मग जाणारच. शिवाय अशा रेकॉर्डरमध्ये ऑटोमॅटिक लेव्हल असते: पक्षी बोलला की आवाज दबतो, गप्प झाला की पाठीमागची सूं हळूहळू वर येते. म्हणजे खरखर एकसारखी नसतेच, आणि सॉफ्टवेअर ती एकसारखी धरून चालतं. उरलेला पक्षी पाण्याखालून बोलल्यासारखा.

सरांच्या त्याच कॅसेट आम्ही पुन्हा केल्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला २ जीबी भरते, भरू दे. फाइलला हात लावला नाही. ते खुर्ची ओढून बसले, पूर्ण बाजू ऐकली, मधे एकदा माझ्याकडे बघून बोट वर केलं: लांबवर कुठला तरी दुसरा पक्षी बोलत होता, जो त्यांनाही आठवत नव्हता. मग ते खोकी घेऊन यायला लागले, आणि त्यांच्यासारखे आवाज भरणारे त्यांचे मित्रही. सर पैसे आगाऊ देतात आणि घाई कधीच करत नाहीत. तसं गिऱ्हाईक मागून मिळत नाही.

घरी स्वतः करणार असाल तर दोन-चार गोष्टी, विचारल्या नसल्या तरी. वायर इअरफोनच्या भोकातून न घेता लाइन आउटमधून (डेकच्या आवाज बाहेर देणाऱ्या वेगळ्या जोडणीतून) घ्या. यूएसबीचा स्वस्त प्लेयर घेण्यापेक्षा जुना चांगला डेक दुरुस्त करून घ्या. आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, फितीची वेटोळी सारखी बसतात. १२० मिनिटांच्या कॅसेटला फार पुढे-मागे करू नका, तिची फीत फारच पातळ असते. लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खाली राहील. क्लिप झालेलं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन कापलं गेलेलं, परत येत नाही. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवा, साफसफाई करायची तर तिच्या प्रतीवर. डीमॅग्नेटायझर चालू-बंद हेडपासून हातभर लांब धरूनच करा आणि त्या वेळी टेबलावर एकही कॅसेट नको.

हल्ली त्या दुसऱ्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे वळू लागली आहेत. हातात पेनड्राइव्ह असतो, त्यात एमपी-थ्री फाइली, आणि म्हणतात जरा उजळ करून द्या. मी मूळ कॅसेट मागतो. असली तर लगेच घेतो, आणि आधीच्यांनी काय घेतलं हे विचारतसुद्धा नाही. बऱ्याच जणांनी मात्र 'आता डिजिटल झालं' म्हणून ती टाकून दिलेली असते. ते काम आम्ही घेत नाही.