पंचनाम्यातली वेळ आणि भरतीचे पाणी

सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून निवृत्त झाल्यापासून मी कोकणातल्या नवप्रविष्ट पोलीस शिपायांना फौजदारी कायद्याची तोंडओळख करून देते. पहाटेच्या कवायतीने दमलेली ही मुले-मुली राजापूर, लांजा, गुहागर अशा भागांतून आलेली असतात आणि बहुतेकांच्या घरातून खाकी वर्दी घालणारे ते पहिलेच असतात. वेळापत्रकात कायदा आणि नीतिमूल्ये यांचे तास वेगवेगळे असतात. ही वाटणी मला पटत नाही, कारण नव्या शिपायाच्या सचोटीची पहिली परीक्षा एका साध्या रकान्यात होते, आणि तो रकाना वेळेचा असतो.

माझ्या नोकरीतला एक खटला मी त्यांना दरवर्षी सांगते. एका वृद्ध बाईच्या सोन्याच्या पाटल्या चोरीला गेल्या होत्या. संशयिताला सकाळी साडेदहाला अटक केल्याचे कागदावर होते, आणि त्याने दाखवून दिल्यावरून खाडीच्या मुखाजवळच्या खडकांच्या कपारीतून पाटल्यांचा डबा साडेअकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान जप्त केल्याचा पंचनामा होता. कागद नेटका होता. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी पंच असलेल्या वयस्क मच्छीमाराला एवढेच विचारले, की त्या दिवशी तिथी कोणती होती. ती पौर्णिमा होती. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास भरती पूर्ण चढलेली असते. पंच शांतपणे म्हणाले, “त्या घटकेला तिथे पुरुषभर पाणी असते, साहेब. ओहोटीशिवाय त्या खडकावर कोण जातो? आम्ही आदल्या संध्याकाळी गेलो होतो. सही मात्र दुसऱ्या दिवशी घेतली.”

त्या एका उत्तराने खटला संपला. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्याला अपवाद एवढाच, की कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू उघडकीस आली, तर त्या माहितीचा त्या वस्तूशी थेट संबंध असलेला भाग पुराव्यात घेता येतो. आमच्या कागदावरचे निवेदन सकाळचे होते आणि वस्तू तर आदल्या संध्याकाळीच हाती आली होती. म्हणजे त्या निवेदनावरून काहीच उघडकीस आलेले नव्हते. शिवाय तो माणूस आदल्या दिवसापासून ठाण्यात बसवलेला होता आणि ते कोणत्याही नोंदीत नव्हते. तो निर्दोष सुटला. पाटल्या बाईंना परत मिळाल्या, पण न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला विचारले, “मग चोरी केली कोणी?” मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, आणि ती खंत अजून गेलेली नाही. तो पंचनामा दाखल होण्याआधी मीही वाचला होता. मी याच किनाऱ्यावर वाढले, तरी तिथी पाहायचे मला सुचले नाही.

यंदा एका मुलाने विचारले, “मॅडम, पण तो खरोखरच चोर असेल तर?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे, की तो चोर असेल तर खरी वेळ लिहिण्याची गरज अधिकच आहे, कारण खोट्या वेळेने त्याला सुटायची वाट आपणच करून दिली. आणि तो चोर नसेल, तर त्याला वाचवणारी तेवढी एकच गोष्ट त्या कागदावर असते.

अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची हमी संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. ही तरतूद सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. हे सांगितले की वर्गातली मुले सावरून बसतात. पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळीच मेमो करावा, त्यावर वेळ आणि तारीख असावी, कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही असावी, असे बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे आहे. त्याच संहितेने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले, तेव्हा आता खोटी वेळ लिहिताच येणार नाही, असे काही मुलांना वाटते. मला तसे वाटत नाही. मोबाइलचे बटण दाबण्याआधीची दुपार त्या चित्रणात नसते.

लाचेबद्दल मी फार बोलत नाही. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या दिघीचे नाव घेते. जानेवारी १९९३ मध्ये तिथे उतरलेला तस्करीचा माल घेऊन निघालेली वाहने पोलिसांनी रात्री अडवली आणि लाचेच्या बोलीवर सोडून दिली. पुढच्याच महिन्यात त्याच किनाऱ्यावरच्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. त्या खटल्यात पोलिसांनाही शिक्षा झाल्या.

सर्वांत अवघड प्रश्न एका मुलीने तास संपल्यावर, इतर गेल्यानंतर विचारला. “साहेबांनीच सांगितले, की सकाळची वेळ टाक, तर?” तिला धीराचे दोन शब्द सांगून पाठवणे मला योग्य वाटले नाही. खोटी नोंद करून पुरावा तयार करणे हा गुन्हा आहे आणि वरिष्ठांच्या तोंडी हुकमाने तो धुतला जात नाही, हे मी तिला सांगितले. नाही म्हटल्यास गैरसोयीची ड्यूटी किंवा बदली वाट्याला येऊ शकते, हेही सांगितले. तिने आपल्या हाताने खोटे लिहू नये. आपण कोठून किती वाजता निघालो आणि केव्हा परतलो, एवढी स्वतःच्या कामाची खरी नोंद स्टेशन डायरीत करावी, आणि उद्या शपथेवर विचारले तर तेच सांगावे. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “निघाल्याची वेळ गाडी सुरू झाल्याची लिहायची, की ठाण्याबाहेर पडल्याची?”

पुढच्या आठवड्यात आम्ही भाट्याच्या खाडीवर पंचनाम्याचा सराव करणार आहोत. प्रत्येकाने घड्याळ आणि त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे कोष्टक सोबत आणायचे आहे.