टिकली लावलेला रिमोट

आमच्या रिमोटवर एक मरून टिकली आहे. न्हाणीघरातल्या आरशाच्या कडेला जुन्या टिकल्यांची जी रांग वर्षानुवर्षे चिकटलेली असते, तिच्यातलीच एक आईने काढली आणि ‘मागे’ जाण्याच्या बटणावर अंगठ्याने दाबून बसवली. त्या दिवसापासून टीव्ही पाहताना मला हाका मारण्याचे तिचे प्रमाण निम्म्यावर आले. टिकली मखमली आहे. ती डोळ्यांना दिसते त्याहून अधिक बोटाला लागते, आणि संध्याकाळी दिवा मालवून मालिका पाहणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईला नेमके तेच हवे होते.

टिकलीपर्यंतची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. पुण्यात २०१३ साली केबल डिजिटल झाली, तेव्हा घरोघर जे सेट-टॉप बॉक्स आले त्यांतला एक आमच्याकडेही बरीच वर्षे होता. त्याच्या रिमोटवर ४५ बटणे होती. एकदा वीज गेलेली असताना मी ती मोजली होती. त्यांतली निम्मी आम्ही कधी दाबली नाहीत. तांबडे, हिरवे, पिवळे, निळे अशी चार रंगीत बटणे कशासाठी होती, हे गुपित त्या बॉक्सबरोबरच गेले. रिमोटला पारदर्शक प्लॅस्टिकचे कव्हर होते, आणि ते पिवळे पडून फाटेपर्यंत बदलायचे नाही, हा घरचा दंडक होता. सेल संपत आले की त्यांच्या जागांची अदलाबदल करून रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा, हा दुसरा दंडक. देखणेपणाच्या कोणत्याही कसोटीला ती वस्तू उतरली नसती. तरीही आई तो रिमोट न पाहता चालवत असे, कारण पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा होता आणि त्याच्या आधाराने बाकीचे आकडे तिच्या बोटाला सापडत. वाहिन्यांची नावे तिच्या तोंडी फारशी नसत. “चारशे बारावर कीर्तन लागलंय,” असे ती सांगे. नातेवाइकांचे टेलिफोन नंबर जिला अजून तोंडपाठ आहेत, तिला तीन आकडे म्हणजे काहीच नव्हते.

मग माझ्या भाच्याने भेट म्हणून स्ट्रीमिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून मालिका-चित्रपट दाखवणारा, बॉक्स आणला आणि टीव्हीच्या पाठीमागे, कोणाला दिसणार नाही असा, लावून दिला. याच्या रिमोटवर १३ बटणे. मुठीत मावणारा, गुळगुळीत, काळाभोर. “बघ आजी, किती सोपं!” असे तो म्हणाला, आणि बटणांच्या मोजणीपुरते ते खरेही होते. मात्र जी ३२ बटणे कमी झाली, त्यांचे काम कमी झाले नव्हते. ते उठून पडद्यावर जाऊन बसले होते. पूर्वी प्रत्येक वाहिनीला पत्ता होता: तीन आकडे दाबले की माणूस थेट दारात उभा राही. आता पत्ता गेला आणि वाट उरली. घराच्या चित्राचे बटण दाबायचे, मग एकदा खाली, तीनदा उजवीकडे, मग ओके. आईने ही वाट टेलिफोनच्या वहीत ‘म’ या अक्षराखाली, ‘मालिका’ म्हणून, सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली. दोन आठवडे ती सुरळीत चालली. तिसऱ्या आठवड्यात बॉक्सने एका रात्री आपण होऊन नवी आवृत्ती उतरवून घेतली, पहिल्या पडद्यावर जाहिरातीची एक आडवी पट्टी मध्येच घुसली, आणि दुसऱ्या दिवशी वहीबरहुकूम निघालेली आई एका कोरियन खूनकथेच्या दारात जाऊन पोहोचली. तिने ती अर्धा तास पाहिली हे खरे, पण तो विषय वेगळा.

पेटी वाजवणारा माणूस पट्ट्यांकडे पाहत नाही. त्याच्या पट्ट्या दर दोन महिन्यांनी कोणी रात्रीतून इकडच्या तिकडे केल्या आणि वर ‘आता वाजवणे अधिक सुखद झाले आहे’ अशी चिठ्ठी ठेवली, तर तो काय म्हणेल ते मला ऐकायचे आहे. रिमोटवरचे बाण जागचे हललेले नसतात. ते दाबल्यावर जिथे पोहोचायचे ते ठिकाण हलते, त्यामुळे बोटाने शिकून ठेवलेले सगळे वाया जाते आणि पुन्हा डोळे लावून बसावे लागते. त्यातही ‘मागे’ या बटणाचा स्वभाव सर्वांत बेभरवशाचा. एका अ‍ॅपमध्ये ते एक पायरी मागे नेते, दुसऱ्यात थेट बाहेर काढते, तिसऱ्यात ‘खरोखर बाहेर पडायचे आहे का?’ असे विचारते आणि उत्तराची वाट पाहत बसते. गोंधळलेल्या माणसाच्या हाती सुटकेचे एकच साधन असते, आणि आईने टिकली लावायला बाकीची बारा सोडून हेच बटण का निवडले, ते मला यावरून कळले.

नव्या रिमोटवर आकडे नाहीत, तशी अक्षरेही नाहीत, त्यामुळे काही शोधायचे तर पडद्यावर अक्षरांचा तक्ता उघडतो आणि बाणांनी त्यात भटकावे लागते. आमच्याकडचा तक्ता रोमन अक्षरांचा, एका ओळीत सहा अक्षरे असा आहे. होळीच्या आदल्या दिवशी आईला पुरणपोळीची एक कृती पुन्हा पाहायची होती. (तिला पुरणपोळी येते, दुसऱ्या कोणाला येत नाही हे तिला पाहायचे होते.) रोमन लिपीत पुरणपोळीची अक्षरे होतात नऊ. ‘ए’पासून निघून प्रत्येक अक्षरापर्यंत जवळच्या वाटेने गेले तर बाणांचे ३१ दाब पडतात, त्यांत प्रत्येक अक्षराचे ओके मिळवले की ४०. हा हिशेब एकही चूक न करणाऱ्याचा आहे. ‘आर’वरून पुन्हा ‘ए’वर येण्याच्या एकट्या प्रवासाला सात दाब लागतात, आणि एवढा वेळ बाण दाबत राहिले की बोट एखादे घर पुढे जाऊन थांबते, मग परत यावे लागते.

यावर उपाय म्हणून रिमोटवर माइकचे बटण असते. बोलून शोधण्याची ही सोय उत्तम आहे, हे मी मनापासून म्हणते. हातात कंप असणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला तिचा फार मोठा आधार होतो. आईची अडचण निराळी होती. परक्याशी बोलताना ती अहोजाहोच करते. बटण दाबून धरून ती रिमोटला म्हणाली, “जरा ती कालची मालिका लावा बरं.” बॉक्सने त्यातला एकच शब्द उचलला आणि पडद्यावर ज्वालामुखींचे माहितीपट ओळीने मांडले. तांबडा लाव्हा डोंगरावरून उतरत होता आणि आई रिमोटकडे, वाढदिवसाला चुकीची भेट आणलेल्या पाहुण्याकडे पाहावे तशी, पाहत होती.

हाताला काय हवे आणि यंत्राला काय जमते, यांची ही ओढाताण रिमोटच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० साली काढलेला पहिला रिमोट लांब तारेने टीव्हीला जोडलेला असे, आणि लोक त्या तारेत अडखळत. १९५५ साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी तार काढून टाकली. त्यांचे यंत्र विजेरीसारखे होते: पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घटक बसवलेले असत, आणि ज्या कोपऱ्यावर झोत टाकावा ते काम होई. खिडकीतून ऊन आत आले की तेही कोपऱ्यावर पडे आणि सूर्यनारायण आपल्या मर्जीने वाहिनी बदलत. पुढच्या वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी जो रिमोट केला, तो मला या सगळ्या वंशावळीत सर्वांत प्रिय आहे. त्यात सेल नव्हते, कारण सेल संपले तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल, अशी विक्री करणाऱ्यांना धास्ती होती. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या होत्या. बटण दाबले की एक हातोडी कांडीवर टक्कन आपटे, कांडीतून माणसाच्या कानाला न ऐकू येणारा सूर निघे आणि टीव्ही तो ओळखे. प्रत्येक बटण खरोखर वाजत असल्यामुळे ते दाबले गेले की नाही, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर साठ वर्षांनी, भरपूर पैसा आणि नावाजलेली माणसे हाताशी असतानाही, उलटी चूक झाली. अ‍ॅपलने २०१५ साली आपल्या टीव्ही बॉक्ससाठी पातळ, काळा रिमोट काढला. त्याच्या वरच्या भागात स्पर्शाला प्रतिसाद देणारी काच होती आणि आकार दोन्ही टोकांना सारखा होता. चांगल्या उजेडात टेबलावर तो फार शोभे. अंधारात सोफ्यावरून उचलला की सुलटा हाती आला की उलटा हे कळत नसे, आणि उचलताना अंगठा काचेवर घासला की चित्रपट भलतीकडे सरके. २०१७ साली कंपनीने मेनू बटणाभोवती एक पांढरे, किंचित उंच वर्तुळ दिले. त्याचे छायाचित्र मी पाहिले तेव्हा मला हसू आले, कारण ती टिकलीच होती. २०२१ साली मात्र सगळा रिमोटच नव्याने केला गेला: जाड अ‍ॅल्युमिनियमचा, दिशांसाठी स्पष्ट गोल चकती असलेला आणि ‘मागे’ जाण्याचे वेगळे बटण असलेला.

आमच्या रिमोटमध्ये आणखी एक कोडे होते आणि ते उलगडायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आई पांघरुणात हात ठेवून बाण दाबते तेव्हा ते चालतात, पण आवाज वाढत नाही. “आवाजाचं बटण गारठतं,” असा तिचा सिद्धान्त होता. खरी गोष्ट अशी की बाण, ओके आणि माइक ही बटणे ब्लूटूथने बॉक्सशी बोलतात, त्यांना समोरासमोर असण्याची गरज नाही. म्हणून तर बॉक्स टीव्हीच्या पाठीमागे लपू शकतो. आवाज मात्र टीव्हीचा, आणि टीव्हीला समजते ती इन्फ्रारेड किरणांची जुनी भाषा. ते किरण पांघरुणातून पार होत नाहीत. म्हणजे एकाच रिमोटवर काही बटणे कुठूनही दाबलेली चालतात आणि काहींना टीव्हीकडे तोंड करावे लागते, आणि कोणते बटण कोणत्या जातीचे हे वरून पाहून कळण्याची सोय नाही. मी आईला मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचे टोक दाखवले. आवाजाचे बटण दाबले की तिथे जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसे, बाण दाबला की काही नाही. तिला हे इतके आवडले की त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येकाला तिने ते करून दाखवले.

पत्ता असलेली बटणे अगदीच संपली आहेत असे नाही. रिमोटच्या खालच्या भागात चार आहेत, ठसठशीत, चार कंपन्यांच्या नावांची. त्यांतले कोणतेही दाबा, वाट वगैरे काही चालावी न लागता क्षणात त्या दारात. नेटफ्लिक्सने असे बटण रिमोटवर आणण्याची घोषणा २०११च्या जानेवारीत केली आणि मग ती प्रथाच पडली. या जागेसाठी पैसे मोजले जातात, म्हणजे जे सुख आईला पूर्वी प्रत्येक वाहिनीसाठी फुकट होते ते आता भाड्याने दिले जाते आणि भाडेकरू ती निवडत नाही. चारांपैकी तीन कंपन्यांचे आम्ही वर्गणीदारही नाही. तरी रिमोट मांडीवर ठेवला, त्यावर वाटी टेकली, नातवाने तो उशीखालून ओढला, की त्यांतले एखादे दाबले जाते आणि ऐन साखरपुड्याच्या प्रसंगातून आई पैसे भरण्याच्या पडद्यासमोर जाऊन उभी राहते.

“रिमोट हवाच कशाला, मोबाइलवरून चालव,” असा सल्ला भाचा देतो. गूगलने २०१३ साली काढलेल्या क्रोमकास्ट या टीव्हीला जोडायच्या उपकरणाबरोबर रिमोट नव्हताच; फोन हाच रिमोट, अशी कल्पना होती. २०२० साली तेही रिमोट देऊ लागले. मला त्यामागचे कारण आमच्या दिवाणखान्यात दिसते. फोन कोणाचा तरी असतो. त्याचा मालक भाजी आणायला गेला की टीव्हीही त्याच्याबरोबर मंडईत जातो. रिमोट घराचा असतो, सोफ्याच्या फटीत सापडतो आणि ज्याच्या हाती लागेल त्याचे ऐकतो.

मध्यंतरी तो फरशीवर पडून बंद पडला, तेव्हा मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दुसरा आणायला गेले. जुन्या बॉक्सचा रिमोट तिथे सेल घालून लगेच हाती मिळत असे. या वेळी दुकानदाराने मॉडेल विचारले, एक खोका काढला आणि म्हणाला, “ताई, घरी गेल्यावर पेअर करावा लागेल, म्हणजे बॉक्सशी जोडावा लागेल. सेटिंग्जमध्ये जायचं.” सेटिंग्जमध्ये कशाने जायचे, हे मी त्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग एक बटण दहा सेकंद दाबून धरण्याचा तोडगा त्याने सांगितला. तो चालला.

नवा रिमोट आला त्याच संध्याकाळी आईने जुन्यावरची टिकली नखाने काढून यावर लावली. या वेळी तेवढ्यावर ती थांबली नाही. आवाजाच्या बटणावर हिरवी आली. खालच्या चार बटणांवर तिने कुल्फीची काडी आडवी ठेवली, जेणेकरून चुकून दाब पडणार नाही, आणि वरून जखमेवर लावायची पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी केर काढताना कामाच्या मावशींनी तो उचलून उलटासुलटा पाहिला आणि काळजीने विचारले, “आजी, याला कुठं लागलं?”